डायसीचं दूध

माझ्या लेकीचं नाव मला डायसी ठेवायचंय. आमच्या घराण्याचा मूळपुरुष केटो, त्याच्या आईचं हे नाव. ती अमेरिकेतल्या चार्ल्सटनच्या डॉक्टर हॅसेल यांची गुलाम होती.

"तान्हं पोर टाकून गेलेल्या बाईचं नाव माझ्या पणतीला? मग बाप्तिस्म्याला मला बोलवूच नकोस," आजीनं सुनावलं.

"अगं, का टाकलं ते तरी कळू दे."

"का म्हणजे? आई होती ना ती? केटो मरेपर्यंत तिचं नाव काढू देत नव्हता."

हॅसेल डॉक्टर कादंबऱ्याही लिहायचे, त्याही आईच्या मायेवर. म्हणून त्यांची पत्रं ग्रंथालयात जपून ठेवलीत. लेक झोपली की तिला नवऱ्यावर सोपवून दुपारचा तास-दीड तास जाऊन मी ती वाचायचे. काल त्यांनी आपल्या बहिणीला लिहिलेलं एक पत्र सापडलं. मी तिथूनच आजीला फोन लावला आणि वाचून दाखवलं,

"आमचं बाळ आता छान बाळसं धरतंय. डायसीला दूध भरपूर आहे. त्यात वाटेकरी नको, म्हणून तिचा केटो मी कालच लांबच्या मळ्यावर पाठवून दिला."