पाहुण्याचं रडणं

हे लिहिणारच नव्हतो. बायकांचं रडणं पुरुषानं सांगू नये, असं आमच्या घरात मानतात. पण आमच्या बायकांनीच पिढ्यान्पिढ्या सांगत आणलेली जुरितीची गोष्ट सांगायला आता घरात बाईमाणूस उरलेलं नाही, म्हणून लिहितो.

त्या दिवशी रडायला ती सगळ्यांत शेवटी येऊन बसली. बरीच कुटुंबं एकत्र राहत त्या लांबघराच्या मधोमध टांगलेल्या झोळीत लुका आधीच बसला होता. लुका मायर होता, म्हणजे समुद्रापलीकडून लाल लाकूड न्यायला येणाऱ्या गोऱ्यांपैकी एक. दोन पावसाळ्यांपूर्वी तो आला होता आणि जाताना जुरितीच्या भावाला, पिराजूला, जहाजातून घेऊन गेला होता. वर्षात परत आणतो म्हणाला होता. आज होडी किनाऱ्याला लागली तेव्हा उतरणारं प्रत्येक तोंड जुरितीनं दोनदा बघितलं. पिराजू नव्हता.

पण विचारायची सोय नव्हती. लांबून आलेल्या पाहुण्यापुढे आधी बायकांनी रडायचं. त्याचे वाटेतले हाल, समुद्राचं भय, मधल्या काळात गेलेली माणसं, सगळं मोठ्यानं म्हणत रडायचं. पाहुण्यानंही हातांत तोंड धरून रडायचं. ते संपेपर्यंत कुणी काही विचारायचं नाही. मुखियासुद्धा तोवर बाण तासत बसतो, जणू कुणी आलेलंच नाही.

मागच्या वेळी आठ जणी बसल्या होत्या. जहाज गेलं आणि गावात खोकला शिरला. आता पाच.

"याला काही जमायचं नाही," शेजारी बसलेली अरासी पुटपुटली. अरासी तिची लहानपणापासूनची मैत्रीण. "मागच्या वेळी हाताआड हसत होता मेला. खांदे हलत होते."

"मिरची चोळूया का डोळ्यांत?"

"गप. सुरू कर."

जुरितीनं सूर लावला. "आलास रे, एवढं पाणी ओलांडून आलास, वाटेत कुणी जेवू घातलं नाही रे तुला..." रडता रडता ती बोटांच्या फटीतून त्याच्याकडे बघत होती. तो हातांत तोंड धरून बसला होता. कोरडा. अरासीनं खोकल्यात गेलेल्या नवऱ्याचं नाव घेतलं, तरी कोरडा. एक जांभई दाबलेलीही जुरितीला दिसली.

"माझ्या पिराजूला नेलंस रे," ती म्हणाली, "माझ्या पाठच्या पिराजूला..."

लुकाचे हात खाली आले. डोळे भरलेले, नाक वाहत होतं, ओठ वेडेवाकडे झालेले. तोंड लपवायचं असतं हेच तो विसरला.

"शिकला गं एकदाचा," मागून एक जण म्हणाली.

जुरितीचा सूर तुटला. तिनं पुन्हा लावला. मध्ये थांबता येत नाही.

रडणं संपलं तसा मुखियानं बाण खाली ठेवला. "आलास का?"

"हो, आलो," लुका म्हणाला. मग त्यानं सहा कुऱ्हाडी काढल्या आणि मुखियापुढे मांडल्या. "पिराजू मजेत आहे," कुणी विचारायच्या आधीच तो बोलला. "लग्न केलंय. घोड्यावर बसून हिंडतो. चल म्हटलं, तर येत नाही."

"बायकोनं बांधून ठेवलाय," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. लुकाही हसला, लाल डोळ्यांनी.

मग त्यानं आणखी एक पोरगा मागितला. तिकडची भाषा शिकेल म्हणाला. जहाज उद्या दुपारी निघणार. अरासीचा मुलगा तातू, वयात आला म्हणून नुकताच ओठ टोचून दगड घातलेला, सगळ्यांच्या आधी उठून उभा राहिला. मुखियानं मान डोलावली आणि कुऱ्हाडी आपल्याकडे ओढून घेतल्या.

ऊन उतरताना जुरिती नि अरासी ओढ्यावर कंद सोलत बसल्या होत्या.

"घोड्यावर बसेल माझा तातू," अरासी म्हणाली. "आणि काय गं, लुका रडला की नीट या वेळी."

"रडला."

"आणि मी म्हणत होते, याला जमायचं नाही!"

"कधी रडला?"

"तू पिराजूचं नाव घेतलंस तेव्हा..."

अरासीच्या हातातला कंद पाण्यात पडला. वाहत गेला. दोघींनीही तो धरला नाही.

अरासी म्हणाली, "मुखियानं कुऱ्हाडी घेतल्यात."

"घेऊ दे."

"तातू ऐकायचा नाही माझं."

"तू नकोच सांगूस. मी सांगते, जायच्या आधी वरच्या अंगाच्या गावात माझ्या मावशीला भेटून ये म्हणून. निरोप न घेता जाणारा पोरगा नाही तो. सकाळीच निघू. दुपारपर्यंत दोन डोंगर मध्ये येतील."

"आणि परत आलीस की? मुखिया सोडेल तुला?"

जुरितीनं सुरी धुतली, मांडीला पुसली.

"मुखियाचं मी बघते. तातू कसा आहे, हे तुला कुठल्या मायरला विचारायला लागणार नाही. शब्द देते तुला."