कितवा

"ह्या कागदावर मी सही करनार न्हाई." लक्ष्मणरावांनी कागद ऋताच्या टेबलावर ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं. भावंडांतील क्रमांक : १.

महाळुंग्याच्या कारखान्यातून ते महिनाअखेर निवृत्त होणार होते. निवृत्तीचे कागद छापणारा प्रोग्राम ऋताचाच होता. तिने त्यांची नोंद उघडली. थोरल्यापासून क्रमाने भावंडं : सावित्रीबाई, ज्योतीराम, लक्ष्मण. पहिल्या दोघांपुढे 'हयात नाही'.

"काका, चूक नाहीये. हा प्रोग्राम आधी हयात असलेली भावंडं निवडतो, मग त्यांच्यात तुम्ही कितवे ते मोजतो. फॉर्ममध्ये तुम्हीच लिहिलंय ना, की दोघंही..."

"लिवलंय की. माझ्याच हातानं." त्यांनी बोट उचललं नाही. "पर दादा गेला म्हून मी थोरला झालो व्हय?"

ऋताने स्क्रीनवरची तिन्ही नावं पुन्हा वाचली.

"तुमाला किती भावंडं, ताई?"

"मी एकटीच आहे."

"मंग कसं सांगू तुमाला!" ते म्हणाले. टोमणा नव्हता तो.

तो प्रोग्राम ज्या संगणकीय भाषेत लिहिला होता त्या एक्सएसएलटीमध्ये 'कितवा' हे दोन तऱ्हांनी विचारता येतं. निवडलेल्यांत हा कितवा? किंवा, मूळ नोंदीत याच्या आधी किती जण? त्यात एक मिळवायचा. ऋताने दोन्ही तऱ्हा करून पाहिल्या होत्या, पण हाताशी होती ती स्वतःची नोंद घेऊन. दोन्हींचं उत्तर एकच आलं होतं. म्हणून तिने लिहायला सोपी होती ती ठेवली.

आता तिने ती ओळ बदलली. प्रिंटरमधून गरम कागद आला. भावंडांतील क्रमांक : ३. लक्ष्मणरावांचा चेहरा जरा सैलावला. तेवढ्यात ऋताला खालची ओळ दिसली. स्वतः धरून एकूण भावंडे : १.

"थांबा काका, एकूणचा आकडा राहिला, तो अजून हयात असलेलेच मोजतोय. एकात तिसरा कसा असेल कोणी! दोन मिनिटं द्या, तोही तीन करते."

ती कागद घ्यायला गेली, पण त्यांनी तो धरून ठेवला. वरची ओळ वाचली. खालची वाचली. पुन्हा वरची.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "आसंच हाय ते."

आणि त्यांनी तिच्याकडे पेन मागितलं.