दारातले फोटो

"पुन्हा दारच?"

शामराव मास्तरांनी ओला फोटो चिमट्यात धरून उजेडाकडे केला.

"हिरा, मी काय सांगितलं होतं?"

"कामावरच्या माणसाचा फोटो आणायचा, सर."

"मग हे काय आहे?"

फोटोत हिराची आई भीमाबाई क्वार्टरच्या दारात उभी होती. नवं लुगडं, डोक्यावर पदर, तोंडभर हसू. शेजारी दोरीवर पुरुषाचा निळा सदरा वाळत होता. त्यानं अर्धा फोटो खाल्ला होता.

"हा सदरा तरी काढायचा."

"आई काढू देत नाही, सर."

वर्गातली बाकीची चार मुलं हसली. हिराचे कान तापले.

भिलाईच्या त्या शाळेत दर शनिवारी फोटोग्राफीचा वर्ग भरायचा. मुलं पाच, डबा कॅमेरा एकच. रविवारी तो पाळीपाळीनं घरी न्यायला मिळे आणि ज्याच्या त्याच्या वाट्याला दोनच फोटो येत. कारखान्याच्या आत कॅमेरा नेता येत नसे, पण बाहेर सगळं गावच बांधून होत होतं. एकानं वेल्डर आणला होता, एकानं घमेली वाहणाऱ्या बाया. हिराकडे मात्र चार महिन्यांत आठ फोटो झाले होते, आणि आठही दारातले.

"डिसेंबरात भिंतीवर फोटो लागतील," मास्तर म्हणाले. "आता दार आणलंस तर तुझी पाळी दुसऱ्याला देईन."

हिरा घरी आली ती दप्तर आपटतच.

"आई, आता माझी पाळी आली की मी तुझा दारातला फोटो काढणार नाही."

"कावून?"

"मास्तर रागावतात. मले कामावरचा माणूस पायजे. तुझाच काढतो की, दवाखान्यात. कपडे धुताना."

भीमाबाई दवाखान्यात आया होती. तिनं हातातली परात खाली ठेवली.

"मले कामावर पाहून तुही आजी काय म्हणन? सुनेले कामाले जा लागते? नाही. दारातच काढ. आन डोळे मिटले तर दुसरा काढ."

"दोनच भेटतात मले!"

"मंग दोन्ही काढ."

आजी, म्हणजे अंजनाबाई, पवनीजवळच्या गावात एकटी राहायची. दर महिन्याला तिला पत्र जायचं, सोबत एक फोटो. आई सांगायची आणि हिरा लिहायची. पत्र वडिलांच्या नावाचं, लहानूचं. लहानूला लिहिता येत नव्हतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, त्यामुळे अक्षर नातीचं असलं तरी आजीला त्यात काही वाटायचं नाही.

"लिही," भीमाबाई सांगायची. "माय, मी खुशाल आहे. ड्यूटीतून सुट्टी भेटून नाही राहिली, म्हणून येता येत नाही. सोबतचा फोटो म्याच काढला."

"फोटो मी काढतो!" हिरा दर वेळी चिडायची. "बाबांचं नाव कावून लिहू?"

"लिही म्हणलं नं."

आणि हिरा दर वेळी लिहायची.

तिच्या पाळीच्या रविवारी तिनं एक फोटो दारात काढला. भीमाबाईचे डोळे मिटले की उघडे राहिले, हे न बघताच ती कॅमेरा घेऊन निघून गेली. दुपारी आई कामावर गेल्यावर हिरा गुपचूप दवाखान्याच्या मागच्या अंगणात पोहोचली. भीमाबाई आणि आणखी एक आया ओली चादर दोन टोकांना धरून पिळत होत्या. पदर कमरेला खोचलेला. दंडाच्या शिरा ताठ झालेल्या. पिळातून पाणी गळत होतं आणि त्यावर ऊन पडलं होतं. आईचं लक्षच नव्हतं. हिरानं श्वास रोखला आणि खटका दाबला.

शनिवारी मास्तरांनी तो फोटो बराच वेळ हातात धरला.

"हा भिंतीवर लागेल," एवढंच म्हणाले. मग त्यांनी तिला दोन प्रती करून दिल्या.

हिरा जवळजवळ पळतच घरी आली. भीमाबाईनं फोटो पाहिला. क्षणभर तिलाही तो आवडल्यासारखं दिसलं. मग तिनं तो उलटा करून फळीवर ठेवला.

"शाळेत लाव. आजीले धाडायचा नाही. दारातला धाड."

"तो चांगला नाही आला!"

"माह्यासाठी चांगला हाय."

हिराला रडू आलं, ते रागाचं. आयुष्यात पहिल्यांदा काही मनासारखं जमलं होतं आणि ते आजीला दाखवायची चोरी. तिनं आई सांगेल तसं पत्र लिहिलं, 'फोटो म्याच काढला' हे वाक्यसुद्धा. पण पेटीत टाकण्याआधी तिनं पाकिटात दुसरा फोटोही सरकवला आणि एक चिठ्ठी.

'आजी, दोन्ही फोटो मी काढले. आजवरचे सगळे मीच काढले. आई दवाखान्यात काम करते. मला उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव.'

आणखी लिहायचं होतं, पण तिनं चिठ्ठी तिथंच दुमडली.

पाकीट पेटीत पडलं. तीन आठवडे ती आईच्या डोळ्याला डोळा देऊ शकली नाही. आईनं चहा दिला तरी तिला वाटायचं, हिला कळलं.

चौथ्या शनिवारी मास्तरांनी तिच्या हातात पाकीट ठेवलं. अक्षर गावच्या गुरुजींचं होतं, बोलणं आजीचं. हिरा वर्गाबाहेर जाऊन भिंतीला टेकली आणि वाचू लागली.

'हिराले आजीचा जयभीम. दोन्ही फोटो भेटले. चादरीचा लय चांगला हाय, तो म्या भिंतीले लावला. भीमा कामाले जाते, यात लपवासारखं काय हाय? मेहनतीची हाय माही सून. तू तिच्यावर चिडू नको. ती सांगते तसं लिहीत जाय, दर महिन्याले, लहानूच्या नावानं. तो तापात गेला त्याच्या चौथ्याच दिवशी त्याच्यासंग कामाले असलेला जानराव रेल्वेनं येऊन मले सांगून गेला होता. दोन वर्स झाले. पण हे भीमाले कधी सांगू नको बाई, तिले वाटते माह्या लेकाचं मले अजून मालूमच नाही.'