नव्या नावाचा हात

"भाऊ, मनगट इकडे करा," खात्याकडून आलेली मुलगी म्हणाली.

जयसिंगने उजवा हात टेबलावर ठेवला. सरहद्दीवरच्या बर्फात त्याचा स्वतःचा हात गेला, तेव्हा सीमारक्षण खात्याने हा यंत्राचा हात बसवून दिला होता. हळूहळू तो पेला धरायला शिकला, मग लहानग्या लेकीला, रेवाला, पाळण्यातून अलगद उचलायलाही. आता खात्याचं नाव बदलून 'रणविजय खातं' झालं होतं, आणि जुन्या नावाचे हात उद्यापासून बंद पडणार होते.

"नवं नाव घातलं, की शिकलेलं सगळं पुसलं जातं," मुलगी खाली बघत म्हणाली. "पण पुन्हा शिकतो तो."

"एवढं करून मिळणार काय?" त्याच्या बायकोने, सुरेखाने विचारलं.

"शत्रूला धाक बसेल म्हणतात, वहिनी."

"शत्रूचं ठाऊक नाही. आमच्या घरात बसलाय."

मनगटावर नवी अक्षरं उमटली. जयसिंगने समोरचा स्टीलचा पेला उचलला, आणि तो त्याच्या मुठीत कागदासारखा चेपला गेला.

मुलगी निघून गेल्यावर रेवा रांगत आली आणि बापाच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. त्याने उजवा हात पाठीमागे नेला.

"तू घे तिला," तो सुरेखाला म्हणाला.

तिने रेवाला कडेवर घेतलं. मग त्याचा तो हात पुढे ओढला आणि त्यात आपली बोटं ठेवली.

"धरा. दुखलं तर सांगते."

"आज नको गं."

"आजच. ती काही तुमच्यासाठी लहान राहायची नाही."

त्याने अगदी सावकाश बोटं वळवली. सुरेखाने ओठ दाताखाली धरला.

"अजून हळू," ती म्हणाली. "अजून."