रुपरावांची स्क्रीन

"आता कसं दिसतंय, काका?" मेघानं फोनवर विचारलं.

"चांगलंच असन," पलीकडून रुपराव म्हणाले. "पण मशीन मांगं राहून राहिलं ना."

मेघा गालातल्या गालात हसली. लिनक्सवरचा रिमोट डेस्कटॉप, म्हणजे घरी बसून दूरचं मशीन चालवणं, हा तिच्या डाव्या हाताचा मळ होता. शहराच्या कडेच्या बेसा भागातल्या आपल्या खोलीतून तिनं अर्ध्या नागपूरच्या अडकलेल्या स्क्रीन मोकळ्या केल्या होत्या, आणि हे ती कुणी न विचारताही सांगायची.

काम तसं साधं होतं. रुपराव काळबांडे गांधीबागेतल्या एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहीत. महिन्यापासून ते सक्करदऱ्याच्या घरून ऑफिसातलं मशीन चालवत होते आणि त्यांचा वेग पार घसरला होता. शनिवारपर्यंत सुधारला नाही तर रोज ऑफिसात या, असं तिथल्या मॅनेजर वंदना मॅडमनी त्यांना कळवलं होतं.

"आधी बायको पोचवून देत होती," रुपराव पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "आता तिचे गुडघे गेले. एकट्यानं मले गांधीबागेत जमत नाही. नोकरीच सोडा लागन."

ते ऐकून मेघाला वाईट वाटलं, आणि चेवही चढला. सोमवारी तिनं स्क्रीनमागचं चित्र, खिडक्यांच्या सावल्या, सगळा नट्टापट्टा काढून टाकला. थोडा फरक पडला, असं रुपराव म्हणाले. मंगळवारी तिनं रंग वाढवले. बुधवारी चित्राचा दर्जा पार वरच्या टोकाला नेला. अक्षरं अशी कोरीव दिसू लागली की तिनं स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

गुरुवारी रुपरावांचा वेग सोमवारपेक्षाही खाली आला.

"काहून असं होऊन राहिलं, पोरी?" रुपरावांनी विचारलं. "दोनच दिवस राहिले."

मेघानं सगळे आकडे पुन्हा तपासले. चूक तिचीच होती. रुपरावांच्या घरचं इंटरनेट बेताचं, आणि तिचं देखणं चित्रच सगळी वाट अडवून बसलं होतं. बाकीचं सारं त्याच्यामागे ताटकळत होतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला, पण उपायही लगेच सापडला.

"काका, आता वेग येणार म्हणजे येणार, शब्द देते," ती म्हणाली. "फक्त चित्र थोडं खराब करावं लागेल. अक्षरं धूसर होतील, डोळ्यांना ताण पडेल. चालेल?"

"थोडं काहून?" रुपराव म्हणाले. "पुरंच बंद कर ना. मशीन वाचून दाखवते, तो आवाज तेवढा नीट येऊ दे. मी त जन्माचा आंधळा आहो, पोरी."