नऊ घड

"दानावरच्या माझ्या पुस्तकामुळे एकाच्या हातून जरी दान घडलं, तरी मी भरून पावलो," असं प्रवचनकार अण्णा भेटेल त्याला सांगत. पण प्रती काही पलंगाखालून हलेनात. परसातल्या संकरित द्राक्षवेलीला मात्र यंदा प्रथमच नऊ घड लगडले.

"एखादा चाखायला द्या की, अण्णा," शेजारीण कुंपणावरून म्हणाली.

"अजून गोडी भरायची आहे, बाई!" म्हणत अण्णा वळले, आणि पाखरांचीही नजर नको म्हणून पुस्तकाचीच पानं फाडून त्यांनी घडांना पिशव्या चढवल्या.

चौथ्या दिवशी सकाळी कागदाच्या चिंध्या उडत होत्या. पाखरांनी एकही मणी शिल्लक ठेवला नव्हता. अण्णा चिंध्या वेचू लागले.

"अहो, भरून पावा आता," बायको म्हणाली. "पुस्तकामुळे एकाच्या हातून दान घडलं. तुमच्याच!"