पाचवीचा विळा

पाटावर हळदकुंकू लावलेला विळा दिसला आणि नर्स चारुशीला दारातच थबकली.

पारशिवनीकडच्या या गावात आज ती खुशीत आली होती. गोपिकेची आधीची दोन लेकरं धनुर्वातानं गेली होती, दोन्ही सातव्या-आठव्या दिवशी, जबडे आवळून. यंदा सरकारनं सुईणींना शिकवून पेट्या दिल्या. अंजनाबाई सुईणीनं पेटीतलं ब्लेड उकळून नुकत्याच झालेल्या पोरीची नाळ कापली, हे तिनं स्वतः आरोग्य केंद्रावर येऊन सांगितलं होतं. आज पाचवा दिवस. संध्याकाळी सटवाईची पूजा होती, आणि नाळ कापलेलं हत्यार पूजेत ठेवायची रीत होती.

"जिजाबाई, हा विळा काहून मांडला? नाळ तर ब्लेडनं कापली ना?"

"ब्लेडनंच कापली वं बाई," गोपिकेची सासू म्हणाली. "पण सटवाईसमोर ब्लेड मांडू का मी? सुईण हात धुवाले गेली, तवा विळा नाळेले लावून घेतला. जरासाच. मले भेव वाटलं. दोन गेले ना आधी."

विळा गोठ्यातला होता, गवत कापायचा. तसल्या शेणामातीतूनच धनुर्वात येतो. म्हातारीवर ओरडावं तर तीही नातीच्या काळजीनं अर्धी झालेली.

चारुशीलेनं हात धुतले आणि करंगळी पोरीच्या तोंडात घातली. पोर हललीच नाही. तिनं करंगळी हलकेच टाळूला टेकवली. मग पोरीनं करंगळी चोखली. जबडा अजून मोकळा होता.

"हिला आत्ताच नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन तिथंच मिळेल. चारची गाडी गाठू."

जिजाबाई दारात आडवी उभी राहिली. "आज? आज रातीले सटवाई येते, लेकराच्या कपाळावर नशीब लिहाले. लेकरू घरात नसलं तर कपाळ कोरं राहीन ना!"

चारुशीलेनं मनगटावरचं घड्याळ बघितलं.

गोपिका बाजेवरून उठली. भिंतीला धरत उभी राहिली, पोरीला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि सासूच्या बाजूनं वाट काढत तशीच अनवाणी बाहेर पडली.

"राहू द्या कोरं, आत्याबाई," ती म्हणाली. "दोनदा लिहून पाह्यलं तिनं."